कच्चा कैदी, जामीन आणि गरिबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारखेच्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारात पोलिसांची गाडी शिरली की तिच्या जाळीकडे काही बाया-माणसं धावत सुटतात. आतल्या माणसाचा चेहरा दोन मिनिटं दिसावा म्हणून त्यांनी पहाटेची एसटी पकडलेली असते. मोफत कायदेशीर मदतीचं काम करताना गेली कितीतरी वर्षं हीच माणसं मला प्रश्न विचारत आली आहेत. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे घरचे लोक सगळ्यात जास्त अडकतात, तिथे उत्तर लांबलं आहे.

कच्चा कैदी म्हणजे नेमका कोण?

ज्याच्यावर आरोप आहे, खटला अजून संपलेला नाही आणि तरीही जो तुरुंगात आहे, तो. सरकारी कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात आणि शिक्षा झालेल्याला सिद्धदोष बंदी. बरॅकमध्ये आणि घरी मात्र कच्चा आणि पक्का हेच शब्द चालतात. कच्च्या कैद्यावरचा आरोप सिद्ध झालेला नसतो, म्हणून कायद्याच्या नजरेत तो निर्दोषच असतो. गावाच्या नजरेत तो ज्या दिवशी गाडीत बसला त्याच दिवशी गुन्हेगार ठरतो, हे वेगळं.

असे कितीसे लोक असतील?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले जवळजवळ ७६. सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता होती ४,३६,२६६. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशातल्या तुरुंगांची जवळजवळ सगळी जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरते आणि शिक्षा झालेल्यांना ठेवायला जवळपास जागाच उरत नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात मंजूर क्षमतेच्या कित्येक पट माणसं ठेवलेली असतात. झोपायला पाळी लावावी लागते, कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगून वळावं लागतं. ज्याचा गुन्हा अजून कुणी सिद्ध केलेला नाही, त्याची ही रात्र असते.

पोलिसांनी आत्ताच उचलून नेलंय. पहिल्या दिवशी काय बघायचं?

आधी वेळ लिहून ठेवा. कुठून नेलं, किती वाजता, कोणत्या पोलीस ठाण्यात. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. घरच्यांना किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला अटकेची खबर देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. अटक का केली, ती कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत दिली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या प्रकारच्या गुन्ह्यांना लागू केलं. तेव्हा पहिल्याच तारखेला वकिलाला विचारायला सांगा, की लेखी कारणं दिली का आणि कधी दिली.

शिवाय ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हजर राहण्याची नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. अटक केलीच तर ती का गरजेची होती, हे पोलिसांनी लिहून द्यायचं असतं. दंडाधिकाऱ्याने ते वाचूनच कोठडी द्यायची असते. रोज पन्नास प्रकरणं समोर असलेल्या न्यायालयात हे वाचन कसं होतं ते आम्ही पाहतो. म्हणून वकिलाने तोंडाने मुद्दा मांडणं फार गरजेचं आहे.

पीसीआर आणि एमसीआर यांत काय फरक?

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. माणूस पोलीस ठाण्यातल्या लॉकअपमध्ये असतो आणि त्याची चौकशी चालते. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, तेव्हा त्याला तुरुंगात पाठवतात. आवारात कुणी ‘एमसीआर झाला’ म्हणालं की घरचे घाबरतात. खरं तर त्यानंतरच बहुतेक वेळा जामिनाचा अर्ज पुढे सरकतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. पोलीस कोठडी आता सलग पंधरा दिवसांतच संपते असं धरून चालू नका. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात.

वकील करायला पैसे नाहीत. सरकारी वकील मिळतो का?

मिळतो, पण नाव नीट घ्या. न्यायालयात ज्याला सरकारी वकील म्हणतात तो तुमच्या विरुद्ध बाजूचा असतो. तुम्हाला जायचंय ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. आता बहुतेक जिल्ह्यांत त्याच्या जोडीला लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ फक्त आरोपींच्या बाजूने काम करतात. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही नाही. उत्पन्नाचा दाखला आणा असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की माणूस आत आहे, दाखला लागत नाही. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

हा हक्क आपोआप आलेला नाही आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, निकालाची प्रत वेळेत न मिळाल्यामुळे एका कैद्याचं अपील वर्षानुवर्षं रखडलं होतं. तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकालाची मोफत प्रत आणि मोफत वकील हे कैद्याचे हक्क ठरवले. पुढे पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांना भेटून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांपैकी पाचजणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. १९८३ च्या त्या निकालामुळे अटक झाली की विधी सेवा समितीला कळवण्याचा नियम आला. एका पत्रातून हे घडलं.

मोफत वकील नीट काम करतात का? लोक म्हणतात फुकटाचं ते फुकटच.

काही फार मन लावून करतात, काही करत नाहीत. खासगी वकिलांचंही तसंच आहे. तुमचा वकील तुरुंगात जाऊन तुमच्या माणसाला भेटला का, हे विचारा. भेटला नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या आणि वकील बदलून मागा, तो अधिकार तुम्हाला आहे. घर किंवा मंगळसूत्र गहाण ठेवून खासगी वकील करण्याआधी एकदा तरी त्या कार्यालयात जा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

साठ दिवस, नव्वद दिवस असं काहीतरी ऐकलंय. ते काय?

अटकेनंतर पोलिसांनी ठरावीक दिवसांत आरोपपत्र दाखल केलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यापुढची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. दिवस मोजायचे ते दंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून.

यात एक मेख आहे. मुदत संपली म्हणून कुणी दार उघडून देत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. पोलिसांनी ६१ व्या दिवशी सकाळी आरोपपत्र टाकलं आणि तुमचा अर्ज दुपारी गेला, तर हक्क गेला. कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा आणि त्याच्या आदल्या आठवड्यात वकिलाला आठवण करा. अगदी साधं काम आहे, पण घरात कुणी लिहिता-वाचता येणारं नसेल तर नेमकं हेच राहून जातं.

जामीन मंजूर झाला, पेढे वाटले. तरी महिना झाला, माणूस आतच. असं कसं?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा आहे. जामीन मंजूर होणं आणि माणूस घरी येणं यांच्या मध्ये जामीनदार उभा असतो.

न्यायालय म्हणतं, पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराने आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराची चिठ्ठी किंवा सातबारा, घरपट्टीची पावती आणायची. तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला काढायचा. आता ज्याचे आई-बाप ऊसतोडीला गेले आहेत, जो पुलाखाली राहतो, जो झारखंडहून मुंबईत गवंडीकामाला आलाय, त्याला ऐपतदार माणूस कुठून मिळणार? त्याच्या ओळखीतले सगळे त्याच्यासारखेच. आरोप एकच असलेल्या दोघांपैकी ज्याच्या मामाकडे सातबारा आहे तो संध्याकाळी घरी जेवतो, दुसरा पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा तुरुंगातून बघतो.

हे दुखणं जुनं आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून दंडाधिकाऱ्याने नाकारला. कृष्णा अय्यर यांनी त्याला स्वतःच्या एक हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि दूरच्या प्रांतात पकडल्या गेलेल्या माणसाने तिथला जामीनदार आणायचा कुठून, असं विचारलं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही आलं. तरीही पुढच्या तारखेला ‘लोकल शुअरिटी आणा’ हे वाक्य ऐकू येतंच.

तुम्ही काय करू शकता, ते सांगतो. त्याच २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकाला जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला हवं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करू शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या माणसाचं नाव यादीत आहे का ते विचारा. रोख रक्कम भरून तात्पुरती सुटका आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत, असा अर्जही करता येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आखली. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंतची तरतूद होती. काही विशेष कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळले आहेत. जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळणारा, गुन्हा असेल तर आठवडाभरात जामीनदार देता न आलेला माणूस निर्धन समजून त्याला नुसत्या मुचलक्यावर सोडायचं, हे तर कायद्यातच लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार आणून देणारी माणसं भेटतात. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली तर नवा गुन्हा तुमच्या दारात येतो.

निम्मी शिक्षा तुरुंगातच गेली तर सोडतात म्हणे?

हो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामीन. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला असेल तर एक तृतीयांश काळ पुरेसा. तीन वर्षांच्या चोरीचा आरोप असलेल्या नवख्या पोराला एका वर्षानंतर आत ठेवायचं कारण उरत नाही. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. मुदत भरली की न्यायालयाला कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे.

पण या कलमात एक पोटकलम आहे, ते मला अन्यायाचं वाटतं. एकाहून जास्त गुन्ह्यांचे खटले किंवा तपास बाकी असतील तर हा फायदा मिळत नाही. पोलिसांच्या नजरेत एकदा आलेल्या गरीब पोरावर आसपासच्या चार चोऱ्या टाकल्या जातात आणि तो या दरवाजातून बाहेर पडू शकत नाही.

मकोका, यूएपीए, एनडीपीएस असेल तर?

हे अनुक्रमे संघटित गुन्हेगारी, दहशतवाद आणि अमली पदार्थ यांविरुद्धचे विशेष कायदे. तिथे जामिनाचं गणित उलटं असतं. आरोपी निर्दोष असावा असं न्यायालयाला सकृद्दर्शनी पटावं लागतं. आरोपपत्राची मुदतही १८० दिवसांपर्यंत, एनडीपीएसच्या काही गुन्ह्यांत तर वर्षापर्यंत वाढू शकते. तरी खटला अवाजवी लांबला तर घटनेच्या २१ व्या कलमाखाली, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काखाली, जामीन देता येतो, असं २०२१ मध्ये नजीब प्रकरणात ठरलं आहे. ही लढाई बहुतेक वेळा उच्च न्यायालयातच लढावी लागते.

आधीपासून असंच चालत आलंय का? कुणी आवाज उठवला नाही?

उठवला, आणि तो उठवणाऱ्यांत एक पोलीस अधिकारी होता. के. एफ. रुस्तमजी, जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे त्यांना अशी माणसं दिसली, की त्यांचा आरोप सिद्ध झाला असता तरी एव्हाना शिक्षा भोगून कधीच सुटली असती. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हुसैनारा खातून हे त्या याचिकेतल्या एका कच्च्या कैदी बाईचं नाव. न्यायमूर्ती भगवतींनी लवकर खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या प्रकरणामुळे सुमारे ४०,००० लोक सुटले, असं सांगितलं जातं.

तेव्हाचा प्रश्न आणि आजचा प्रश्न एकच आहे, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वकिलाला सांगतो.

ठरावीक समाजाचीच माणसं आत का दिसतात?

कारण संशय आधी त्यांच्यावरच जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती आणि त्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण नोंदवह्यांतली सवय गेली नाही. तालुक्यात चोरी झाली की पारधी वस्तीवर गाडी जाते, हे त्या वस्तीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. वस्तीला सातबारा नाही, बऱ्याच घरांत जातीचा दाखला नाही, म्हणजे पकडणं सोपं आणि सुटणं अवघड.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. तुरुंगातली झाडू आणि संडासाची कामं कुणाच्या वाट्याला येतात, यावर हा निकाल आपल्या हयातीत यावा लागला.

मग काय सगळ्यांना सोडायचं? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. पण रखडलेल्या खटल्याने फिर्यादीचंही भलं होत नाही. आठ वर्षांनी साक्ष द्यायला बोलावलेल्या बाईला शर्टाचा रंग आठवत नाही, पंच गाव सोडून गेलेला असतो, आणि ज्याने खरंच गुन्हा केला तो त्याच फटीतून निसटतो. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. साक्षीदाराला धमकावणाऱ्याचा जामीन रद्द होतो, झालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की आत कोण राहील हे धोक्यावरून ठरावं, ऐपतीवरून ठरू नये.

खटले इतके का लांबतात?

न्यायाधीश कमी आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं. आज ती संख्या २१ च्या आसपास आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. त्यात आमच्याकडे आणखी एक रोजचं कारण: कैदी पार्टी मिळाली नाही. म्हणजे तुरुंगातून न्यायालयात आणायला पोलीस नाहीत, ते बंदोबस्ताला गेलेत. मग आरोपी तुरुंगातूनच व्हिडिओच्या पडद्यावर दिसतो, हात वर करतो आणि पुढची तारीख पडते.

इतर गरीब देशांत काय परिस्थिती आहे?

बांगलादेशात सुमारे तीन चतुर्थांश आणि नायजेरियात दोन तृतीयांशांच्या आसपास कैदी कच्चे आहेत. जगाचा विचार केला तर हे प्रमाण साधारण एक तृतीयांश येतं. वसाहतीच्या काळातले कायदे आणि तुरुंग वारशाने मिळालेल्या देशांत हे दुखणं ठळक दिसतं.

मला शिकण्यासारखा वाटतो तो आफ्रिकेतला छोटा मलावी. तिथे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००० पासून तिथे प्रशिक्षित कायदा-कार्यकर्ते थेट तुरुंगात जाऊ लागले. जामीन कसा मागायचा, न्यायाधीशासमोर काय बोलायचं हे ते कैद्यांना त्यांच्या भाषेत, नाटुकली करून शिकवतात आणि अडकलेल्यांच्या याद्या काढतात. कधी दंडाधिकारीच तुरुंगात येऊन तिथल्या तिथे प्रकरणं ऐकतात. आपल्याकडे मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून समाजकार्यकर्त्यांमार्फत असंच काम करतो. असा एकेक माणूस प्रत्येक तुरुंगात असता, तर वर लिहिलेले निम्मे प्रश्न मला कुणी विचारले नसते.

आई आत असेल तर मूल?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. बायकांना अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन देताना कायद्यात वेगळी सवलत आहे, ती अर्जात मुद्दाम लिहा.

कच्च्या कैद्याला मतदान करता येतं का?

नाही. मात्र तुरुंगातून निवडणूक लढवता येते. दोन्ही गोष्टी लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहेत.

पाच वर्षांनी निर्दोष सुटला. भरपाई मिळेल?

हक्काने मिळेल असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करा असं सुचवलं आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका करून काहींना मिळाली आहे. बिहारचा रुदल साह निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षं आत होता, त्याला १९८३ मध्ये ३५,००० रुपये मिळाले. शिक्षा झाली तर आधी भोगलेले दिवस वजा होतात. शिक्षा झाली नाही तर ते दिवस कुठेच मांडले जात नाहीत.

वकील म्हणतात ‘बघू पुढच्या तारखेला’. आम्हाला घरबसल्या काय तपासता येईल?

प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून किंवा न्यायालयाच्या कारकुनाकडून मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोणत्या न्यायालयात आहे, सगळं दिसतं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीलाही हे जमतं, मी पाहिलं आहे. क्रमांक एका कागदावर लिहून रेशन कार्डाच्या आत ठेवा. पुढच्या मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जाताना तोच क्रमांक आतल्या माणसालाही सांगा, कारण त्याला स्वतःच्या खटल्याचा क्रमांक बहुधा कुणी सांगितलेला नसतो.